सेवाव्रती रमाबाई रानडे

स्त्रीने चरितार्थासाठी घराबाहेर पडणे आज कोणास विशेष वाटत नाही. आमच्या कापडबाजारातही सुना-लेकी गल्ल्यावर बसून हिशेब पाहतात. ही वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांत कै. रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

त्यांचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्या. महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे विधुर होते. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आज्ञेखातर बालिकेचे पाणिग्रहण केले म्हणून टीका झाली. ती अनाठायी नव्हती. परंतु निरक्षर पत्नीस त्यांनी स्वतः अक्षरे गिरवावयास शिकविले.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. टोमणे आणि अबोला नित्याचा झाला. पुण्यात मुलींचे हायस्कूल व्हावे म्हणून भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले. बाहेर मान मिळाला, घरी मात्र बोलणी खावी लागली. त्यांनी वडिलांना उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही खाली ठेविले नाही. सभेत बोलण्याहून हे कठीण, असे मला वाटते. ते हायस्कूल १८८४ मध्ये सुरू झाले.

१९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. रमाबाई चाळिशीच्याही आत होत्या. सुमारे वर्षभर एकांतात काढल्यावर त्या येरवड्याच्या कारागृहातील स्त्रियांना भेटू लागल्या. पुढे १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्याने पुण्याचे सेवासदन रानडे वाड्यातच उभे राहिले.

तेथे शिवण होते, अध्यापनाचे शिक्षण होते. पण खरे धाडस परिचारिकांच्या शिक्षणात होते. परक्या रुग्णाची शुश्रूषा करणे हे कुलीन घरांत हीन मानीत. विधवांना त्यासाठी ससून रुग्णालयात धाडणे म्हणजे लोकनिंदेस आमंत्रणच! विधवेच्या पदरात दान घालणारे पुष्कळ होते. तिच्या हाती स्वकष्टाचे वेतन यावे, हा विचार करणारे थोडे. व्यापाऱ्यास या दोहोंतील अंतर सांगावे लागत नाही.

पुणे नगरपालिकेने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणातून मुलींना प्रथम वगळावयाचे ठरविले, तेव्हा रमाबाई स्त्रियांसह रस्त्यावर उतरल्या. मुंबई प्रांतात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणूनही त्या झटल्या. १९२१ साली तो मालमत्तेच्या अटीवर मिळाला. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत सेवासदनात शिकलेल्या अनेक विधवा परिचारिका व शिक्षिका होऊन स्वतःच्या मिळकतीवर राहू लागल्या होत्या.