सर्पगंधा, डॉ. वकील आणि आजोबांची गोळी

देवळाली प्रवराला आजोबांकडे गेलं की त्यांच्या चहाचा कप पूर्ण भरायचा नाही, अर्धाच भरायचा, असा आमच्या घरचा नियम आहे. त्यांना कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन्स. गोळी घेतली की थोड्या वेळाने हात शांत होतो, मग पेपर वाचायला घेतात. गोळीच्या पाकिटावर लिवोडोपा हे नाव दिसलं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्याचा इतिहास शोधत बसले, आणि पोचले कुठे तर मुंबईत, परळच्या केईएम हॉस्पिटलात! (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

तिथे डॉ. रुस्तम जाल वकील काम करायचे. जन्म मुंबईचा, १७ जुलै १९११. डॉक्टरकी लंडनला शिकले आणि १९३८ मध्ये परत आले. पुढे नाव झालं ते हृदयरोगतज्ज्ञ म्हणून. मग आजोबांच्या हाताशी त्यांचा संबंध काय? सांगते.

त्या काळी हाय बीपीवर जगात कुठेच धड औषध नव्हतं. मीठ बंद करा, आराम करा, नाहीतर ऑपरेशन करून रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या नसाच कापा! अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, त्यांचंही बीपी कुणाला आवरता आलं नव्हतं. आणि आपल्याकडे मात्र सर्पगंधाचं मूळ पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतं. बिहारमध्ये तर लोक त्याला वेडावरचं औषध म्हणूनच ओळखायचे. कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ मध्येच लिहून ठेवलं होतं की याने वेड शांत होतं आणि बीपीही उतरतं. पण बाहेरच्या जगाने तिकडे लक्ष दिलं नाही.

वकिलांनी केलं ते काम तसं कंटाळवाणं होतं. आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखं, फक्त कॉपी न करता! हे मूळ ते बरीच वर्षं पेशंटना देत होते. त्यातल्या पन्नास जणांचं बीपी त्यांनी नीट मोजून लिहून ठेवलं, औषध चालू असताना आणि बंद केल्यावरसुद्धा. १९४९ मध्ये हा पेपर ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. मला वाटतं खरी मेख इथेच आहे. गुण येतो हे आपल्याकडे हजारोंना माहीत होतं, पण तो किती येतो आणि किती टिकतो याचे आकडे परक्या माणसालाही पटतील असे मांडले ते यांनी.

तो पेपर वाचून बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी स्वतः ट्रायल घेतली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचं लास्कर अवॉर्ड मिळालं, १९५८ मध्ये पद्मभूषण.

आता रेसर्पिन करतं काय? नर्व्हच्या टोकाला बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांत केमिकल भरणारा एक पंप असतो. रेसर्पिन हा पंपच जाम करतं. पिशव्या रिकाम्या राहिल्या की सिग्नल पुढे जात नाही, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं. पण हाच पंप मेंदूतही आहे ना! त्यामुळे काही पेशंट उदास व्हायचे, आणि डोस जास्त झाला तर हात थरथरायचे, अंग ताठ व्हायचं. अगदी पार्किन्सन्ससारखं.

हा साइड इफेक्टच पुढे कामाला आला. १९५७ मध्ये स्वीडनच्या कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन देऊन निपचित पाडलं, मग लिवोडोपा टोचलं, तर ससे उठून हिंडायला लागले! म्हणजे कमी पडलं होतं ते डोपामिन, आणि लिवोडोपापासून मेंदू ते बनवतो. मग १९६० मध्ये व्हिएन्नाच्या होर्निकिविच यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या पेशंटचे मेंदू तपासले. तिथेही डोपामिन फार कमी निघालं. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी डोस हळूहळू वाढवत नेला आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली.

रेसर्पिन आता मागे पडलंय. पण त्याच पंपावर काम करणारं टेट्राबेनाझिन हंटिंग्टन्समधल्या वेड्यावाकड्या हालचालींवर देतात. त्याला अमेरिकेत २००८ मध्ये परवानगी मिळाली.

डॉ. वकील १९७४ मध्ये गेले. कार्लसन यांना नोबेल मिळालं ते २००० साली. आजोबांना हे सगळं सांगितलं तर त्यांनी गोळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, म्हणजे ही सर्पगंधाची आहे का? मी म्हटलं, नाही हो आजोबा, सर्पगंधाने जे पळवलं ते ही परत आणते. मग त्यांनी ती पाण्याबरोबर घेतली आणि घड्याळाकडे बघत बसले.