दारूच्या विळख्यातून सुटलेला बिल



उपवासकाळात दारू सोडायची आणि ईस्टरच्या जेवणाला पुन्हा बाटली उघडायची, हा प्रकार आपल्याला नवा नाही. अमेरिकेतल्या बिल विल्सनने तर दारू सोडण्याची शपथ घरच्या बायबलमध्ये लिहून दिली होती. एकदा नव्हे, अनेकदा. प्रत्येक वेळी मनापासून लिहिली आणि प्रत्येक वेळी मोडली.

बिलचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी व्हर्मोंट राज्यातल्या ईस्ट डॉर्सेट गावी झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे आजीआजोबांनी त्याला वाढवले. सैन्यात असताना त्याने पहिला पेला घेतला. बुजऱ्या मुलाला त्या पेल्याने धीट केले. १९१८ साली लोईसशी त्याचे लग्न झाले. पुढे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात त्याने भरपूर पैसा मिळवला, पण १९२९ च्या मंदीत तो बुडाला. दारू मात्र राहिली. तो सासऱ्यांच्या घरात राहू लागला आणि लोईस दुकानात नोकरी करून संसार ओढू लागली. डॉ. सिल्कवर्थ यांनी तिला स्पष्ट सांगितले, की हा आता एक तर वेडा होईल किंवा मरेल.

१९३४ च्या नोव्हेंबरात एबी नावाचा जुना पिणारा मित्र घरी आला. बिलने पेला पुढे केला, एबीने नको म्हटले. देवाच्या आधाराने आपण सुटलो, असे त्याने सांगितले. (हा एबी पुढे अनेकदा घसरला, पण बिलने त्याचे उपकार कधी विसरले नाहीत.) डिसेंबरात बिल चौथ्यांदा इस्पितळात दाखल झाला. तिथे देवाचा धावा करताना त्याला मोठा आध्यात्मिक अनुभव आला. त्यानंतर त्याने दारूला स्पर्श केला नाही.

बाहेर आल्यावर त्याने न्यूयॉर्कच्या दारुड्यांना उपदेश करायला सुरुवात केली. सहा महिन्यांत एकही सुधारला नाही!

मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरी गेला. काम फसले. खिशात जेमतेम दहा डॉलर होते. शनिवारची संध्याकाळ होती. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात एका टोकाला बार होता, तिथून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि शहरातल्या चर्चेसची यादी लावलेली होती. आपण आता घसरणार, हे बिलला कळले. त्याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली : न्यूयॉर्कचे दारुडे सुधारले नव्हते, पण त्यांच्याशी बोलता बोलता तो स्वतः शुद्धीत राहिला होता. म्हणजे त्याला आता श्रोता नको होता, त्याच्यासारखाच एक दारुडा हवा होता.

त्याने यादीतल्या एका प्रॉटेस्टंट धर्मगुरूंना फोन लावला. त्यांनी काही नावे दिली. फोनवर फोन करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. त्यांच्या ओळखीचे एक सर्जन, डॉ. बॉब स्मिथ, दारूपायी बुडत चालले होते. दुसऱ्या दिवशी मातृदिन होता. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या अटीवर आले आणि रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. बिलने उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. डॉक्टर पुढे एकदा घसरले. १० जून १९३५ रोजी शस्त्रक्रियेला जाताना त्यांचे हात थरथरत होते, म्हणून बिलनेच त्यांना एक बिअर दिली. ती त्यांची शेवटची. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' म्हणजे ए.ए.चा स्थापनादिन मानतात.

आपल्या कॅथलिकांचाही यात वाटा आहे. १९३९ पासून अॅक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळात सिस्टर इग्नेशिया यांनी डॉ. बॉबच्या मद्यपी रुग्णांना पोटाच्या विकाराचे कारण लिहून खाटा मिळवून दिल्या. १९४० च्या हिवाळ्यात एका पावसाळी रात्री काठी टेकत फादर एड डाउलिंग हे येशूसंघीय बिलला भेटायला आले. ए.ए.च्या बारा पायऱ्या संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेशी जुळतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. बिलने ती साधना कधी वाचलीच नव्हती! फादर आयुष्यभर त्याचे मार्गदर्शक राहिले. बिलने कॅथलिक धर्मशिक्षणही घेतले, पण तो कॅथलिक झाला नाही.

बिल काही संत नव्हता. वर्षानुवर्षे त्याला नैराश्याने ग्रासले आणि सिगारेट तर त्याच्या फुप्फुसांचा घास घेऊनच थांबली. तरी येल विद्यापीठाची सन्माननीय पदवी त्याने नाकारली, कारण ती स्वीकारणे अनामिक राहण्याच्या तत्त्वात बसत नव्हते. अनामिक राहण्याचा हा नियम आजही आहे. भारतात १९५७ पासून ए.ए.च्या मीटिंगा भरतात. मुंबईत तर अनेक मीटिंगा चर्चच्या शाळांच्या वर्गांत होतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. पिणे थांबवायची इच्छा असली की पुरे. 'ओपन' मीटिंगला घरची माणसेही बसू शकतात. त्यांच्यासाठी लोईसने १९५१ मध्ये अल-अनॉन हा वेगळा गटही उभारला.

२४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या ५३ व्या वाढदिवशी, बिल वारला. 'बिल डब्ल्यू.' एवढ्याच नावाने हजारोंना ठाऊक असलेल्या या माणसाचे पूर्ण नाव त्यानंतर वर्तमानपत्रांत छापून आले.