विनोबांच्या घरातले ‘काका’ नेमके कोण होते?

आजारी किंवा वृद्ध माणसांना वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये कामाची एक उतरंड असते. वर डॉक्टर, मग नर्स, मग आया आणि सगळ्यात खाली सफाई करणारे. हाक मारण्याचा सूरही त्याच क्रमाने बदलतो. कामातली ही उच्चनीचता मोडण्यासाठी आयुष्यभर झटलेला एक माणूस रायगडचा होता. ते म्हणजे विनोबा भावे.

गागोद्याचं घर

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. त्यांच्या घरी एक अंध गृहस्थ राहायचे. मुलं त्यांना काका म्हणायची. पुढे कुटुंब बडोद्याला गेलं आणि एक दिवस काका गेल्याची बातमी आली. पण आईने सुतक पाळलं नाही. विनोबांनी कारण विचारलं, तेव्हा कळलं की काका नात्यातले नव्हतेच. निराधार होते म्हणून घरात आले होते. घरच्यांच्या वागण्यातून मुलांना हे कधी जाणवलंच नव्हतं.

हातात फावडं

१९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. लोक रुग्णांच्या जवळ जायलाही घाबरत, तो हा काळ. विनोबांचा या कामाला पाठिंबा होता.

१९४० मध्ये गांधीजींनी त्यांना पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलं आणि विनोबांचं नाव देशभर झालं. तरी १९४६ मध्ये ते पवनारजवळच्या सुरगावला खांद्यावर फावडं घेऊन जाऊ लागले. मैला उचलायला, रोज.

सगळ्यांची संमती

१९५९ मध्ये त्यांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथे स्वयंपाक, सफाई, शेती ही कामं सगळ्याजणी मिळून करतात. निर्णय बहुमताने नाही, एकमताने होतात. एकीचं मत वेगळं असलं, तरी तिचं ऐकावंच लागतं.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांचं पवनारला निधन झालं. सहकाऱ्यांशी नीट बोला, असं सांगणारे फलक आज अनेक ठिकाणी दिसतात. विनोबांच्या आयुष्यातून मिळणारा धडा त्याच्या एक पाऊल पुढचा आहे. हलकं समजलं जाणारं काम आधी स्वतः करून पाहायचं. ज्याने कधी बेडपॅन उचलला आहे, त्याला आयाशी अरेतुरे करणं जड जातं.