हत्तीरोग नसलेला ‘एलिफंट मॅन’

जोसेफ मेरिकला जग ‘एलिफंट मॅन’ म्हणून ओळखते. त्यामुळे त्याला हत्तीरोग होता, असे अनेकांना वाटते. तसे नव्हते. हत्तीरोग डासांमार्फत पसरणाऱ्या कृमींमुळे होतो. मेरिकची तर हाडे आणि कातडीच काही ठिकाणी बेसुमार वाढत होती. डावा हात मात्र शेवटपर्यंत नाजूक आणि निर्दोष राहिला.

त्याचा जन्म १८६२ साली इंग्लंडमधील लेस्टरचा. गरोदरपणी आई जत्रेतल्या हत्तीला घाबरली म्हणून मूल असे झाले, अशी घरची समजूत होती आणि तो स्वतःही तेच मानत असे. (ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असे आपल्याकडे अजूनही ऐकू येते. दोष आईवरच.) तो अकरा वर्षांचा होण्याआधीच आई गेली. सावत्र आईच्या घरात त्याला थारा राहिला नाही. विड्यांसारखे सिगार वळायचे काम मिळाले होते, पण उजवा हात वाढत गेला आणि तेही सुटले. मग फेरीवाल्याचा परवाना काढून तो दारोदार माल विकू लागला. लोक दार उघडत नसत, रस्त्यात मागे गर्दी जमे. अखेर परवानाही गेला आणि सतराव्या वर्षी तो निराधारांच्या वर्कहाउसमध्ये दाखल झाला.

तिथून सुटायला १८८४ मध्ये त्याने स्वतःच खेळवाल्यांशी बोलणे लावले. लंडन हॉस्पिटलसमोरच्या दुकानात लोक पैसे देऊन त्याला पाहू लागले. तिथेच सर्जन फ्रेडरिक ट्रीव्हजने त्याला पाहिले, तपासले आणि वैद्यकीय सभेपुढे उभे केले. खेळात त्याला निदान कमाईतला वाटा मिळत होता. डॉक्टरांपुढे तोही नाही. आमच्या पेशाने ही बाजू फारशी सांगितलेली नाही.

पोलिसांनी खेळ बंद पाडले. युरोपच्या दौऱ्यात ब्रसेल्सला व्यवस्थापकाने त्याची सगळी शिल्लक लुबाडून त्याला सोडून दिले. जून १८८६ मध्ये तो लंडनच्या स्टेशनवर उतरला, तेव्हा गर्दीने घेरले. बोलणे कोणाला कळेना. खिशात ट्रीव्हजचे कार्ड होते, त्यावरून पोलिसांनी ट्रीव्हजला बोलावले.

असाध्य रुग्णांना ठेवायचा त्या रुग्णालयाचा नियम नव्हता. अध्यक्षांनी ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहिल्यावर देणग्या आल्या आणि त्याला कायमच्या खोल्या मिळाल्या. तिथे तो वाचत असे, एका हाताने पुठ्ठ्याचे चर्च करत असे. युवराज्ञी अलेक्झांड्रा त्याला भेटून गेल्या.

डोक्याच्या वजनामुळे तो बसूनच झोपे. ११ एप्रिल १८९० रोजी तो आडवा, मृत आढळला. वय २७.

दीर्घकाळ त्याचा आजार न्यूरोफायब्रोमॅटोसिस मानला गेला. १९८६ मध्ये तो अतिदुर्मीळ प्रोटियस सिंड्रोम असावा, असे मत पुढे आले. त्या आजारामागचा जनुकीय बदल २०११ मध्ये सापडला. तो गर्भावस्थेत काही पेशींत आपोआप घडतो, आईच्या भीतीशी संबंध नाही.

त्याचा सांगाडा लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयाने जपून ठेवला. १९२३ च्या आठवणींत ट्रीव्हजने मात्र त्याचे नाव जॉन लिहिले. पुढे नाटकात आणि सिनेमातही तेच राहिले. तो स्वतः सही जोसेफ अशी करत असे.