तीन डॉलरांचे पेटंट

१४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. ही तारीख ज्यांच्या जन्मदिवसावरून निवडली गेली, ते डॉ. फ्रेडरिक बँटिंग १८९१ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, ॲलिस्टन गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात जन्मले. पहिल्या महायुद्धात सैन्यातील डॉक्टर म्हणून त्यांनी काम केले. १९१८ साली काँब्रेच्या लढाईत हाताला जखम झालेली असतानाही ते जखमींवर उपचार करीत राहिले. त्या शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला.

युद्धानंतर त्यांनी ऑन्टारिओतीलच लंडन शहरात दवाखाना थाटला. पण रुग्ण फारसे फिरकेनात. उदरनिर्वाहाला जोड म्हणून ते वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे, स्वादुपिंडावरील एक लेख वाचून झाल्यावर, त्या ग्रंथीतून रक्तशर्करा आटोक्यात ठेवणारा स्राव वेगळा काढण्याची एक कल्पना त्यांनी वहीत टिपून ठेवली.

त्या काळी मधुमेही मुलांसाठी उपासमारीसारख्या कडक पथ्याखेरीज दुसरा उपाय नव्हता, आणि त्यानेही मृत्यू फक्त लांबणीवर पडत असे. टोरोंटो विद्यापीठात प्रा. जॉन मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत १९२१ च्या मे महिन्यात बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट हा तरुण सहकारी कामाला लागले. वर्षअखेरीस जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप त्यांना येऊन मिळाले. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिले इंजेक्शन दिले गेले; ते अशुद्ध असल्याने निष्फळ ठरले. कॉलिप यांनी अर्क शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून दिलेल्या इंजेक्शनांनी मात्र मुलाची प्रकृती सुधारू लागली.

आता खरी कसोटी उभी राहिली. औषधाचे पेटंट घेणे बँटिंग यांना वैद्याच्या धर्माशी विसंगत वाटत होते. पण पेटंट घेतलेच नाही, तर दुसराच कोणी ते मिळवून इन्सुलिनवर मक्तेदारी गाजवील, अशीही भीती होती. अखेर बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या तिघांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन आपले हक्क टोरोंटो विद्यापीठाला दिले. उत्पादनाचा परवाना आणि दर्जाची तपासणी विद्यापीठाच्या हाती राहिली.

१९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. बेस्ट वगळले गेल्याने बँटिंग संतापले आणि आपल्या वाट्याची निम्मी रक्कम त्यांनी बेस्टना दिली. मॅक्लिऑड यांनीही आपली रक्कम कॉलिप यांच्याबरोबर वाटून घेतली. १९३४ साली बँटिंग यांना सर हा किताब मिळाला. फेब्रुवारी १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या कामासाठी इंग्लंडला निघाले असता, न्यूफाउंडलंडमध्ये विमान कोसळून वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

मूळ इन्सुलिन असे खुले झाले, तरी त्यानंतरच्या सुधारित इन्सुलिनांवर आणि गोळ्यांवर कंपन्यांनी नवी पेटंटे घेतली. भारतात पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षांची असते. सिटाग्लिप्टिनचे मूळ पेटंट जुलै २०२२ मध्ये संपताच अनेक कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या बाजारात आल्या आणि किमती उतरल्या. एखादे औषध स्वस्त कधी होणार, हे म्हणूनच बऱ्याच अंशी पेटंटच्या तारखेवरून ठरते. बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिनच्या रुग्णांना त्या तारखेची वाट पाहायला लावले नाही.