पॅरिसच्या राजाची उधार पगडी

कोणत्याही बड्या फॅशन ब्रँडच्या दुकानात शिरलं, की कपड्यांच्या आधी परफ्युमचा काउंटर लागतो. पुढे पर्सेस, त्यापुढे घर सजवायच्या वस्तू. वर्षातून एकदा ब्रँडची जंगी थीम पार्टी होते आणि दुसऱ्या दिवशी आपलं फीड त्या फोटोंनी भरून जातं. हे सगळं गेल्या वीस-तीस वर्षांत मार्केटिंगवाल्यांनी काढलेलं खूळ आहे, असं आपल्याला वाटतं. पण यातलं बरंचसं एका माणसाने 1911 या एकाच वर्षात करून दाखवलं होतं. त्याचं नाव पॉल प्वारे. फॅशन डिझायनिंगच्या विद्यार्थ्यांना तो फॅशनच्या इतिहासात एखाद्या छोट्या टीपेपुरता भेटतो. कॉर्सेट घालवला, हॉबल स्कर्ट आणला, विषय संपला! पण प्वारेची खरी गोष्ट त्या टीपेत मावत नाही. आपल्याकडे दर थोड्या दिवसांनी पेटणारा 'डिझाइन कोणाचं?' हा वादही त्या गोष्टीत आहे.

प्वारेचा जन्म 1879 चा, पॅरिसच्या ले आल भागातला. ले आल म्हणजे त्या काळच्या पॅरिसची मंडईच. वडील कापडाचे व्यापारी, त्यामुळे कापड लहानपणापासून हाताखालचं. पण वडिलांनी मुलाला शिस्त लागावी म्हणून एका छत्रीवाल्याकडे कामाला धाडलं. तिथे छत्र्या बेतून झाल्या की रेशमाच्या चिंध्या उरायच्या. त्या तो गोळा करून घरी न्यायचा आणि बहिणींनी दिलेल्या लाकडी बाहुलीवर गुंडाळून, टाचण्या लावून कपडे तयार करायचा. कागदावर मापं नाहीत, पॅटर्न नाही, कापड थेट अंगावर सोडायचं आणि ते कसं पडतं ते बघायचं. आज कॉलेजात 'ड्रेपिंग' म्हणून जे शिकवतात, ते या पोराने छत्रीच्या चिंध्यांवर सुरू केलं होतं.

जोडीला स्केचेस चालूच होती. ती मादलेन शेरुई या नामवंत ड्रेसमेकर बाईंनी विकत घेतली आणि प्वारेला वाट सापडली. 1898 च्या सुमारास तो झाक दूसे या बड्या डिझायनरकडे लागला. तिथे त्याने केलेल्या लाल लोकरी केपच्या तब्बल 400 ऑर्डर्स आल्या. मग 1901 मध्ये तो 'वर्थ'मध्ये गेला. राण्या-राजकन्यांचे कपडे शिवणारं हे त्या काळचं सर्वांत मानाचं घराणं. पण जग बदलत होतं, बायका बसने-ट्रामने फिरू लागल्या होत्या आणि त्यांना साधे कपडेही हवे होते. ते करण्यासाठी प्वारेला घेतलं होतं. त्याने किमोनोच्या धर्तीवर एक सैल, सरळ कोट केला. एका रशियन राजकन्येने तो बघून नाक मुरडलं, तिला ते पोतं वाटलं. पुढे त्याच धाटणीच्या कोटांसाठी पॅरिस वेडं होणार होतं, पण ते वर्थमध्ये नाही. 1903 मध्ये आईने दिलेल्या पैशांवर प्वारेने स्वतःचं दुकान थाटलं.

तेव्हाची बाई कशी दिसायची ते आधी डोळ्यांसमोर आणा. आत ताठ पट्ट्या घातलेला, नाड्यांनी आवळलेला कॉर्सेट. त्याने छाती पुढे, कंबर मुठीत मावेल एवढी आणि मागचा भाग मागे ढकललेला. बाजूने पाहिलं तर इंग्रजी एस अक्षर! त्यावर लेस, झालरी आणि फिकट गुलाबी, फिकट जांभळे असे नाजूक रंग. 1905 मध्ये प्वारेचं दनीझ बुलेशी लग्न झालं. ती सडपातळ होती, त्या काळच्या भरदार सौंदर्याच्या कल्पनेत न बसणारी. प्वारे तिच्यासाठी कपडे करू लागला आणि 1906 च्या आसपास त्याने कॉर्सेटच काढून टाकला. ड्रेसचा सगळा भार कमरेवरून खांद्यावर आणला. कंबर वर गेली, कापड सरळ खाली पडू लागलं. रंगही बदलले. लाल, हिरवा, गडद जांभळा, केशरी असे रंग त्याने पॅरिसच्या बायकांच्या अंगावर आणले.

श्रेय त्याच्या एकट्याचं नाही, हेही सांगायला हवं. डॉक्टर आणि समाजसुधारक कितीतरी आधीपासून कॉर्सेटविरुद्ध बोलत होते आणि मादलेन व्हियोने ही डिझायनरही त्याच सुमारास त्याच वाटेवर होती. पण प्वारेकडे एक गोष्ट जास्त होती. आपण जे करतोय त्याचा गाजावाजा कसा करायचा, हे त्याला नेमकं कळायचं. 1908 मध्ये त्याने पॉल इरिब या चित्रकाराकडून आपल्या कपड्यांची चित्रं काढून घेतली आणि जेमतेम 250 प्रतींचा देखणा अल्बम छापला. त्याला लिमिटेड एडिशनचा लुकबुक म्हणा. 1911 मध्ये एडवर्ड स्टायकेनने त्याच्या गाऊन्सचे फोटो काढले. आधुनिक फॅशन फोटोग्राफीची सुरुवात अनेक जण या फोटोंपासून धरतात.

आता पगडीकडे येऊ. प्वारेला पूर्वेच्या कपड्यांची ओढ होती. काफ्तान, किमोनो, सैल सलवारी, पगड्या. त्याचं कारण फक्त 'एक्झॉटिक' दिसणं एवढंच नव्हतं. युरोपचा कपडा म्हणजे शरीराच्या मापाने तुकडे कापायचे आणि जोडायचे. पूर्वेचा कपडा बराचसा सरळ कापडाचा, अंगावर सोडलेला. साडी, धोतर, उपरणं बघत वाढलेल्या आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण पॅरिसच्या टेलरिंगला हे तंत्र नवं होतं. बाहुलीवर चिंध्या गुंडाळणाऱ्या प्वारेला ते चटकन समजलं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या म्युझियममध्ये (आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) त्याला भारतातल्या पगड्यांचा संग्रह दिसला आणि तो हरखून गेला. परवानगी काढून त्याने आपल्याकडच्या एका सहायक बाईला तिथे पाठवलं. पगडी कशी वळते, पीळ कुठे पडतो, टोक कुठे खोचतात, हे बघून तिने नकला केल्या. थोड्याच दिवसांत पॅरिसच्या उच्चभ्रू बायका पगड्या घालून मिरवू लागल्या आणि त्या पगडीला नाव मिळालं ते प्वारेचं.

आपल्याकडे फेटा, पटका, मुंडासं, पुणेरी पगडी, सगळ्यांची बांधणी वेगळी. पूर्वी तर नुसत्या बांधणीवरून माणूस कुठला, कुठल्या समाजातला, काय करणारा, हे ओळखायचे. म्युझियमच्या काचेआड गेलेल्या त्या पगड्याही कोणाच्या तरी डोक्यावरच्या होत्या, कोणी तरी बांधलेल्या होत्या. पॅरिसमध्ये पोहोचेपर्यंत ती सगळी ओळख गळून पडली आणि उरली फक्त एक 'ओरिएंटल' टोपी. इंग्रजांनी भारतातून नेलेल्या वस्तूवरून फ्रान्समध्ये फॅशन झाली, आणि मूळ बांधणाऱ्याचं नाव कोणी विचारलंही नाही. त्या काळात ते विचारावं असं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

1911 हे प्वारेच्या वैभवाचं शिखर. मोठ्या मुलीच्या नावाने त्याने 'रोझीन' ही परफ्युम कंपनी काढली. डिझायनरने स्वतःचा परफ्युम विकायची ही पहिली वेळ. शनेलचा प्रसिद्ध 'नंबर फाइव्ह' आला तो 1921 मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. दुसऱ्या मुलीच्या नावाने त्याने 'मार्तीन' ही चित्रशाळा काढली. गरीब घरातल्या, बारा-तेरा वर्षांच्या मुलींना प्राणिसंग्रहालयात, बागेत न्यायचं आणि मनाला येईल तसं काढू द्यायचं. त्यांच्या चित्रांवरून गालिचे, पडदे, वॉलपेपर बनायचे आणि निवडलेल्या चित्रांचे पैसे मुलींना मिळायचे. राऊल द्युफीसारख्या चित्रकाराला त्याने कापडावरच्या छपाईसाठी हाताशी धरलं. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने अरबी कथांवर बेतलेली 'हजार दुसरी रात्र' ही पार्टी दिली. 300 पाहुणे! थीमला न शोभणारे कपडे घालून आलेल्यांना तिथेच कपडे बदलायला लावले. दनीझ सैल सलवारीत, सोनेरी पिंजऱ्यात बसली होती. पार्टीत तिने घातलेला पोशाख पुढे बाजारात आला हे वेगळं सांगायला नको.

प्रवास हीसुद्धा त्याची जाहिरातच होती. मॉडेल्सचा ताफा घेऊन तो बर्लिन, व्हिएन्ना, मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग फिरला. जाईल तिथे शो करायचा आणि येताना कापड, भरतकाम, कल्पना घेऊन यायचा. 'मार्तीन' शाळेची कल्पनाही व्हिएन्नातल्या डिझाइन वर्कशॉप्स बघून सुचलेली. मात्र याच काळात त्याने हॉबल स्कर्टही आणला. घोट्याशी इतका अरुंद, की बाईला छोटी छोटी पावलंच टाकता यायची. कंबर मोकळी केली आणि पाय बांधले. हा विरोधाभास त्यालाही कळत होता आणि त्याचं त्याला काही वाईट वाटत नव्हतं. बाईला काय हवंय यापेक्षा आपल्याला ती कशी दिसायला हवीय, हा त्याचा प्रश्न होता. पुढे हेच त्याला महागात पडलं.

1913 मध्ये तो दनीझला घेऊन अमेरिकेला गेला. स्वागत जोरात झालं. पण तिथल्या दुकानांत त्याला स्वतःचे असे कपडे दिसले जे त्याने कधी केलेच नव्हते. वर लेबल मात्र प्वारेचं! म्हणजे फर्स्ट कॉपीचा धंदा तेव्हाही तेजीत होता. तो भयंकर चिडला, कायदेशीर लढाई सुरू केली आणि 1914 मध्ये फ्रेंच डिझायनर्सची नकलेविरुद्ध संघटना उभी केली. डिझाइन ही डिझायनरची मालमत्ता आहे, ती चोरता येणार नाही, हे ठणकावून सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्ये प्वारे येतो. आज डिझायनर्सना जे कायदेशीर संरक्षण मिळतं, त्यामागे अशा भांडणांचा इतिहास आहे. पण पगडीची आठवण ठेवून हे वाचलं की गंमत वाटते. त्याच्या लेबलची नक्कल ही चोरी होती, आणि बिनलेबलची पगडी घेणं ही 'प्रेरणा'! फरक एवढाच होता, की पगडी बांधणाऱ्याला पॅरिसच्या कोर्टात उभं राहता येणार नव्हतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. प्वारे सैन्यात शिंपी झाला. सैनिकांचा ओव्हरकोट कमी कापडात, कमी वेळात कसा शिवता येईल हे त्याने बसवून दिलं. कापड वाचवायचं कसब त्याच्याकडे होतं, ते त्याने स्वतःच्या धंद्यात मात्र कधीच वापरलं नाही. युद्ध संपून तो परतला तेव्हा बायका बदललेल्या होत्या. पुरुष आघाडीवर असताना त्यांनी कारखाने, ऑफिसं, अॅम्ब्युलन्स चालवल्या होत्या. त्यांना चालता, धावता, कामाला जाता येईल असे कपडे हवे होते. कोको शनेल जर्सीच्या कापडाचे साधे, नेटके, उत्तम शिवलेले कपडे देत होती. प्वारेचे कपडे लांबून नाटकाच्या पडद्यासारखे भव्य दिसत, पण उलटे करून पाहिले तर आतली शिवण तितकी बारीक नसे. कॉर्सेट काढून ज्याने ही वाट उघडली, तोच आता जुनाट ठरला.

यावर त्याने केलं काय, तर आणखी मोठा देखावा. बागेत ओपन एअर थिएटर काढलं, त्यात पैसे गेले. 1925 च्या पॅरिस प्रदर्शनात सेन नदीवर तीन सजवलेल्या नौका उभ्या केल्या, त्यात होते नव्हते तेही गेले. गुंतवणूकदारांशी पटेना. 1928 मध्ये दनीझशी घटस्फोट झाला. 1929 मध्ये त्याचं फॅशन हाऊस बंद पडलं आणि उरलेला माल चिंध्यांच्या भावाने किलोवर विकला गेला. छत्रीवाल्याच्या दुकानात चिंध्या वेचण्यापासून सुरू झालेली गोष्ट अशी पुन्हा चिंध्यांपाशी आली. त्यानंतर त्याने आत्मचरित्र लिहिलं, चित्रं काढली, कॅफेत बसलेल्या गिऱ्हाइकांना ती विकायचा प्रयत्न केला. एप्रिल 1944 मध्ये, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, तो हलाखीत गेला. उमेदवारीच्या काळात त्याने जिला प्रोत्साहन दिलं होतं, त्या एल्सा स्कियापरेलीने त्याच्या अंत्यविधीला मदत केली.

त्याला पुन्हा लोकांसमोर आणलं ते दनीझने. घटस्फोटानंतरही तिने त्याने केलेले कपडे जपून ठेवले होते. 2005 मध्ये पॅरिसला त्यांचा लिलाव झाला आणि 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये त्याच्यावर मोठं प्रदर्शन भरलं. ज्या बाईसाठी कॉर्सेट गेला, तिच्या कपाटामुळेच त्याचं नाव टिकलं.

2025 च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या सँडल्स दिसल्या, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. या वेळी मात्र गोष्ट प्वारेच्या पगडीसारखी गुपचूप पार पडली नाही. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय टॅग मिळालेला होता, कारागीर आणि व्यापारी बोलले, सोशल मीडिया पेटला आणि या डिझाइनचं मूळ भारतीय चपलेत आहे, हे कंपनीला मान्य करावं लागलं. शंभरेक वर्षांत एवढा फरक नक्की पडला.

डिझायनिंग शिकणाऱ्यांना प्वारेकडून घेण्यासारखं खूप आहे. कापड अंगावर सोडून बघण्याची हिंमत, रंगांची भूक, प्रवासात डोळे उघडे ठेवणं. प्रेरणा सगळेच घेतात, घ्यावीही. पण मूडबोर्डवर एखादं इरकल, एखादी बंजारा कशिदाकारी किंवा कोणाच्या गावची पगडी चिकटवाल, तेव्हा खाली एक ओळ जास्तीची लिहा. हे कुठलं आहे आणि कोण बनवतं, एवढंच. प्वारेच्या अल्बममध्ये ती ओळ नव्हती.