पेशींच्या अभ्यासक : डॉ. कमल रणदिवे

कर्करोगाचे नाव ऐकताच माणसाच्या मनाचा थरकाप होतो. आईला किंवा मावशीला हा रोग झाला असेल, तर तो आपल्याही कपाळी लिहिला आहे, या भीतीने लेकी मूकपणे दिवस काढतात. मुलीचे लग्न अडेल या धास्तीने काही घरांत रोगाचे नावही उच्चारले जात नाही. आईकडून लेकीकडे खरोखर काय येते, या प्रश्नाचा शास्त्रीय शोध घेणाऱ्या भारतातील आरंभीच्या संशोधकांत डॉ. कमल रणदिवे यांचे स्थान मोठे आहे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुणे येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींनाही उत्तम शिक्षण मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. हुजूरपागा शाळेतून कमलताई फर्ग्युसन महाविद्यालयात गेल्या. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु कमलताईंचा ओढा जीवशास्त्राकडे होता. १९३९ मध्ये त्यांचा विवाह गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला. पतीच्या प्रोत्साहनाने त्यांचे शिक्षण पुढे चालू राहिले. १९४३ मध्ये सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी व गुणसूत्रे यांचा अभ्यास करून त्यांनी एम. एस्सी. पदवी मिळवली.

मुंबईत आल्यावर त्या टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. तेथे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. पदवी दिली. पुढे त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीरातून काढलेल्या पेशी काचपात्रात जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र, म्हणजे ऊतिसंवर्धन, त्यांनी तेथे आत्मसात केले. परदेशात राहण्याचा मोह न धरता त्या मायदेशी परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पेशी वाढवण्यासाठी लागणारी द्रव्येही त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने येथेच तयार केली. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुरा त्यांच्याकडे होती.

स्तनांचा कर्करोग हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय. उंदरांच्या काही वाणांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, तर काही वाणांत तो क्वचितच होतो. असे वेगवेगळे वाण पाळून कमलताईंनी त्यांची तुलना केली. या रोगामागे केवळ एकच कारण नसते. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि उंदरांमध्ये आढळणारा एक विषाणू यांचा परस्परसंबंध असतो, हे त्यांच्या कार्यातून पुढे आले. स्तनांचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचे नाते त्यांनी फार लवकर ओळखले. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील संशोधनातही त्यांचा वाटा होता.

पुढील काळात या विचाराला भक्कम आधार मिळाला. १९९४ मध्ये बीआरसीए-१ या जनुकाची नेमकी ओळख पटली. पेशीतील बिघाड दुरुस्त करण्यास मदत करणे हे या जनुकाचे काम. त्यात दोष असल्यास स्तनांच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हा दोष आईकडून येतो, तसाच वडिलांकडूनही येऊ शकतो. मात्र जनुकातील प्रत्येक बदल वारशाने येतो असे नाही. अंडाशयाच्या काही दुर्मीळ गाठींवरून हा फरक चांगला समजतो. प्रौढ स्त्रियांच्या ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठींत एका जनुकात विशिष्ट बदल असतो, हे २००९ मध्ये दिसून आले. हा बदल जन्मजात नसून अंडाशयातील पेशीतच नंतर घडतो. याउलट सर्टोली-लायडिग या दुर्मीळ गाठीमागील डायसर-१ जनुकाचा दोष वारशाने आलेला असू शकतो. म्हणून घरात असा रोग झाला असता तो न लपवता डॉक्टरांना सांगणे हिताचे ठरते. दोष वारशाने मिळाला, तरी रोग होतोच असे नाही. वेळीच तपासणी केल्यास पुढचा मार्ग ठरवता येतो.

विज्ञानाच्या क्षेत्रात स्त्रियांना संसार व संशोधन यांचा मेळ घालताना अनेक अडचणी येतात, हे कमलताईंनी स्वतः अनुभवले होते. म्हणून १९७३ मध्ये सहकारी स्त्रियांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवले. उतारवयातही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला आणि तेथील स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले.

२००१ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या रोगाकडे लोक दैवाचा कोप म्हणून पाहत, त्याची कारणे त्यांनी पेशींमध्ये शोधली. कारण कळले म्हणजे भीती ओसरते आणि उपायाची वाट दिसू लागते, ही त्यांच्या जीवनकार्याची मोठी शिकवण आहे.